आंटींनी धरलेली जागा

आम्ही राहतो त्या वस्तीला स्वतःचे नाव नाही. पत्त्यात सेंगकांग या उपनगराचे नाव लिहितात; पण सेंगकांग मोठे आहे आणि आमच्या चार इमारती त्याच्या कडेला उभ्या आहेत. मध्ये गाड्या ठेवण्याची जागा, एका टोकाला एलआरटीचे स्टेशन, दुसऱ्या टोकाला कॉफी शॉप. पाहुण्याला दाखवावे असे काही नाही. माझी सारी नोकरी जहाजांच्या इंजीनरूममध्ये झाली. फ्लॅट घेतला तेव्हा बंदर येथून दूर आहे, एवढाच गुण मला दिसला होता.

इमारतींचे तळमजले मोकळे आहेत. खांब, दगडी टेबले आणि बाके. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. एकाच आठवड्यात तेथे मी मलय लग्न आणि चिनी अंत्यविधी दोन्ही पाहिले आहेत.

गेल्या वर्षी नोव्हेना भागातल्या रुग्णालयात पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. घरी आली ती वॉकर घेऊन. याच शहरात, ईस्ट कोस्टला कॉन्डोत राहणाऱ्या मुलीने स्पष्ट सांगितले, "दोन महिन्यांत आई एकटी खाली जाऊन येऊ लागली नाही, तर तुम्ही दोघं आमच्याकडे. खोली तयार आहे." तिचे चुकले नव्हते. पत्नीला हे घर सोडायचे नव्हते. मलाही नव्हते; मी तसे बोललो नाही.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. मी एक वही केली. इंजीनरूममध्ये तापमान आणि दाब लिहीत असू, तशा नोंदी: वेळ, पावले, विश्रांती. चौथ्या दिवशी तिने वॉकर भिंतीला लावला.

"अहो, मी काय तुमचं इंजीन आहे? कुठे गळतंय ते बघत मागे मागे येता!"

"दुखतं का, एवढंच विचारलं."

"विचारलं नाहीत. लिहिलंत."

त्यानंतर पाच दिवस ती खाली उतरली नाही.

समोरच्या घरात एक चिनी बाई राहतात. शाळेच्या कँटीनमध्ये नूडल्स करण्यात त्यांचे आयुष्य गेले. येथील रीतीने आम्ही त्यांना आंटी म्हणतो आणि त्या मला अंकल. वयाने त्याच मोठ्या असाव्यात. पत्नी का दिसत नाही, असे त्यांनी विचारले. मी कारण सांगितले.

दुसऱ्या सकाळी लिफ्टजवळच्या बाकावर टिश्यूचे पाकीट दिसले. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, टेबलावर असे पाकीट ठेवले की जागा धरली, हे येथे सर्वांना मान्य आहे. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकलेल्या माणसाला ते शिकवावे लागत नाही. पण व्हॉइड डेकवर जागा धरतो कोण? कोणी विसरले असेल, असे समजून मी ते उचलले. खांबामागून आंटी आल्या.

"अंकल, ठेवा ते! तुमच्या मिसेसची जागा आहे."

"ती येणार नाही."

"जागा धरली आहे. आता यायलाच हवं, लाह!" येथील लकबीने त्यांनी शेवटी जोर दिला.

मी वर जाऊन पत्नीला जसेच्या तसे सांगितले.

"त्यांनी बाक अडवून ठेवायचा आणि मी घरात बसू? बरं दिसतं का?"

तिने वॉकर घेतला. मला वरच थांबायला सांगितले.

पुढे दर दोन-तीन दिवसांनी पाकीट एक बाक पुढे सरकू लागले. दुसऱ्या इमारतीखालच्या बाकावर एक निवृत्त मलय गृहस्थ वर्षानुवर्षे वर्तमानपत्र वाचीत. पाकीट तेथे पोहोचले त्या सकाळी ते खांबाला टेकून उभ्याने वाचताना दिसले. मी संकोचाने माफी मागू लागलो. "मॅडम येऊन गेल्या की बसतो," ते म्हणाले आणि पान उलटले.

सातव्या आठवड्यात, रविवारी, मुलगी न कळवता आली. घरात आई नव्हती. मी तिला कॉफी शॉपमध्ये घेऊन गेलो. पत्नी आंटींसमोर बसली होती. खुर्चीला काठी टेकवलेली होती.

"आई, वॉकर कुठाय?"

"आंटींच्या बहिणीला दिला. पुढच्या आठवड्यात तिचा गुडघा आहे."

"आणि तुला लागला तर?"

"लागला तर आणेन की जाऊन. तिसऱ्याच इमारतीत राहते."

मुलीने आईकडे पाहिले, मग माझ्याकडे. "बरं. राहा इथेच," ती म्हणाली.

मी चहा आणायला उठलो. कप हातात आल्यावरही काही क्षण मी मागे वळलो नाही.