बाबांवर लिहिलेली जाहिरात

पुण्यात बारा वर्षं मी जाहिरातींचा मजकूर लिहीत होते. ती नोकरी सोडून जबलपूरला परतले आणि दीक्षितपुऱ्यातल्या घरातूनच आईचा काळा मसाला विकायला लागले. मसाला उत्तम होता, पण नातेवाईक आणि शेजारी सोडले तर कोणी घेत नव्हतं. मग मला जे जमत होतं ते मी केलं. फेसबुकवर हिंदीत एक गोष्ट लिहिली: माझ्या बाबांनी चाळीस वर्षांत आईच्या स्वयंपाकाला एकदाही चांगलं म्हटलं नाही, हा मसाला तिच्यासाठी. सोबत आईचा गॅसपुढचा पाठमोरा फोटो.

खरं म्हणजे फोडणीचा वास आला की बाबा बाहेरच्या खोलीतूनच ‘वा!’ म्हणतात. फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून मसाल्याचे धणे आणि खोबरंही तेच भाजतात. पण कौतुक करणाऱ्या नवऱ्याची गोष्ट कोण पुढे पाठवणार?

ही मात्र पुढे गेली. भोपाळ, नागपूर, रायपूरहून ऑर्डरी आल्या. ‘आमच्याही घरी हेच,’ असं बायका लिहायच्या. आईला ती पोस्ट शेजारणीने वाचून दाखवली.

“काहून लिहिलंस असं?” तिने विचारलं.

“जाहिरात आहे गं. थोडं वाढवून लिहावं लागतं.”

“थोडं?” म्हणाली आणि आत निघून गेली.

गोष्ट बाबांच्याही कानावर गेली. मित्रांबरोबर सकाळी फिरायला जाणं त्यांनी बंद केलं. ‘गुडघा दुखून राहिला,’ म्हणाले. मी ते खरं मानलं, कारण ते मानणं माझ्या सोयीचं होतं. दिवाळी तोंडावर आली होती. पोस्ट मी काढली नाही.

दिवाळीआधी एका प्रदर्शनात आम्ही स्टॉल लावला. बाबा खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांना पाकिटं पिशवीत घालून देत होते. एका बाईंनी फलकावरचं मसाल्याचं नाव वाचलं, बाबांकडे पाहिलं आणि हसत मोठ्याने विचारलं, “अंकल जी, अब तो आंटी की तारीफ करते हैं ना?”

आजूबाजूची माणसं वळून पाहायला लागली. बाबा उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले.

“जी, अब करता हूँ।”

बाई खूश झाल्या, चार पाकिटं घेतली. मी शेजारीच उभी होते. एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. मी सुटे पैसे शोधत राहिले.

घरी जाताना ऑटोत मी विचारलं, “बाबा, तुम्ही खरं का नाही सांगितलं?”

“सगळ्यांसमोर तू खोटी पडली असती ना.”

घरी पोचताच मी पोस्ट काढली, आणि मसाला कोण भाजतं ते खरंखरं लिहिलं. ते फारसं कोणी वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांची माफी मागितली. ते धणे निवडत होते. “अच्छा, चलो, झालं ते झालं,” म्हणाले. पण त्यानंतर एकाही प्रदर्शनाला ते आले नाहीत, आणि मीही कधी आग्रह केला नाही.

आता आमच्याकडे तीन बायका कामाला आहेत, शहरातली दुकानं मसाला ठेवतात. नव्याने धंदा सुरू करणाऱ्या मुली कधीकधी विचारायला येतात, की दीदी, सुरुवातीला गिऱ्हाईक कसं मिळालं? चव आवडली आणि एकाने दुसऱ्याला सांगितलं, असं मी त्यांना सांगते. बाबा आतल्या खोलीत असतात, आणि त्यांना सगळं ऐकू जातं.