भिंतीवरची मिशी

कारगिलची लढाई पेटली तेव्हा माझा धाकटा भाऊ सैन्यात ट्रक चालवत होता. पीठ, डाळ, कांदे-बटाटे पोचवायचे, ही त्याची ड्युटी. पण भिवंडीत निजामपुऱ्यातल्या भिंतीवर जे सरकारी पोस्टर लागलं, त्यात पठ्ठ्या बर्फाच्या कड्यावर बंदूक रोखून उभा! वर लाल अक्षरांत ‘भिवंडीचा वाघ’. फोटो मागायला माणसं कोन गावात आमच्या घरी आली, तेव्हा मीच तोऱ्यात काढून दिला होता. फोटोत ओठावर नुसती लव. पोस्टरवर मात्र ही झुबकेदार मिशी! चित्रकाराचा हात भारीच सढळ.

पण काम फत्ते झालं म्हणा. शिफ्ट सुटली की पॉवरलूमवरची पोरं तिथे थांबून जयजयकार करायची, दुकानांतले मदतीचे डबे भरायचे. समोरच्या चहावाल्या चाचाने तर पोस्टरला झेंडूचा हार घातला.

आई तिथेच कोपऱ्यावर भाजी विकायची. हार बघून ती पाटी टाकून धावली. आमच्याकडे फोटोला हार कधी घालतात, हे काय सांगायला हवं? त्यात भावाची महिनाभर खबर नाही. मी पत्रातून पोस्टरची गंमत कळवली होती, त्याचंही उत्तर नाही. आईने हार ओढून तोडला. “जित्या पोराला हार घालता?”

“बहन, ये तो इज्जत है,” चाचा बिचारा ओशाळला. तरी रोज कुणीतरी हार घालायचं, रोज आई तोडायची. लोक कुजबुजायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी वैतागून म्हटलं, “अगं, नीट बघ तरी! याला मिशी आहे. आपल्या पोराला कुठे आहे?”

आई जवळ जाऊन बघत राहिली. “खरंच की गो. यो माजा न्हाय.” त्या दिवसापासून हारांना मुभा मिळाली आणि आईला झोप.

लढाई संपली. एका दुपारी भाऊ रिक्षातून दारात उतरला. माझं पत्र पोचलं होतं तर! गड्याने अगदी तश्शीच मिशी वाढवली होती. आम्ही टाळ्या पिटल्या. आईचा चेहरा मात्र पांढराफटक. तिने उंबऱ्यात हात आडवा धरला. “आधी ती काढ.”

“बाप जिता असताना मिशी काढतात काय?” बाबा ओरडले. “मी हाय अजून!”

“तुमी हाव ना? मंग त्यालापन ऱ्हाऊ द्या.”

न्हावी आला, ओट्यावरच मिशी उतरली. आईने त्याच्या कोऱ्या ओठावरून बोट फिरवलं, आणि मग बाई जी रडायला लागली, ती संध्याकाळपर्यंत कुणाला आवरेना.