शिरीषच्या पश्चात सेल्वम

सेल्वमचा फोन सकाळी सव्वासातला आला. "दीदी, शिरीष चला गया," एवढंच बोलला. मी कागद ओढला आणि कुणाकुणाला कळवायचं ती नावं लिहायला घेतली. अकरापर्यंत सगळे फोन झाले, गाडी ठरली, गुरुजी ठरले. माझं असंच असतं. कामं उरकली की मग रडायचं, असं मनाशी म्हटलं होतं. पाच आठवडे झाले. कामं उरकली, पण एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती काही केल्या स्वस्थ बसू देत नाही.

शिरीष माझा मामेभाऊ, चार वर्षांनी धाकटा. राजधानीत पहाडगंजच्या मराठी शाळेत मी त्याला हाताला धरून न्यायची. पुढे घरोघरी केबल आली, वाहिन्यांचा पूर आला, आणि परदेशी मालिकांना हिंदी आवाज देण्याचं काम नोएडातल्या नव्या स्टुडिओंत सुरू झालं. शिरीष तिथे संवाद लिहायचा. नटाचे ओठ मिटतात नेमक्या तिथे प, ब, म येईल असं वाक्य बसवायचं, ही त्याची करामत. त्याच सुमारास त्याच्यासाठी स्थळं बघायचं काम माझ्याकडे होतं. मयूर विहारच्या माझ्या घरी त्याची वही होती: नाव, शिक्षण, उंची, गोत्र. प्रत्येक मुलीत तो काही ना काही खोट काढायचा...

एका रविवारी तो कॅसेट घेऊन आला. "ताई, दहा मिनिटं बस. आज वही नको." पडद्यावर एक गोरा मुलगा स्वयंपाकघरात वडिलांसमोर रडत उभा होता आणि हिंदीत म्हणत होता, "पापा, मैं दूसरी जात की लड़की से प्यार करता हूँ." शिरीषने कॅसेट थांबवली. "हे वाक्य वाहिनीने बदलून घेतलं. मूळचं लिहूच दिलं नाही." आणि माझ्याकडे बघत राहिला. मी मात्र भलतंच समजले. "अरे, मग आधी नाही का सांगायचं!" म्हटलं, आणि आठवड्याच्या आत त्याला नवी यादी पाठवली. सहा मुली, सगळ्या परजातीच्या. स्वतःच्या मोकळ्या मनाचं मला भारी कौतुक वाटलं होतं. त्याचा फोन आला. "ताई, धन्य आहेस. गोत्राचा रकाना खोडलास, उंचीचा तसाच ठेवलास!" खूप हसला. मग हसू थांबलं. म्हणाला, "त्या मुलाला मुलगाच आवडतो गं. मलाही."

मी काय म्हणाले? "जेवायला ये." तो आला, सोबत सेल्वमला घेऊन. सेल्वम त्याच स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचा. मूळचा मदुराईचा, हिंदी घडाघडा बोलतो, पण देवनागरीचं एक अक्षर त्याला आजही वाचता येत नाही. दोघांनी नोएडाजवळ वैशालीत फ्लॅट घेतला तेव्हा आजूबाजूला नुसती शेतं आणि अर्धवट इमारती होत्या.

सिनेमाला आम्ही तिघं मिळून जायचो. असा माणूस पडद्यावर आला की कंबर लचकवतच यायचा आणि अख्खं थिएटर खिदळायचं. शिरीष पॉपकॉर्न खात राही. बऱ्याच वर्षांनी गोष्टी बदलल्या. एका मालिकेत मुलाने आईला सांगितलं आणि आईने लगेच मिठी मारली, व्हायोलिनसकट. "इतक्या पटकन?" शिरीष म्हणाला. "आमच्या ताईने तर आधी सहा मुली पाठवल्या होत्या." सेल्वम हसून हसून आडवा झाला.

तो गेला त्या दुपारी मराठी पेपरासाठी निधनवार्ता मीच लिहिली. 'ते अविवाहित होते. त्यांच्या पश्चात आतेबहीण व भाचे असा परिवार आहे.' पुण्याचे काका वाचतील, इथल्या मराठी मंडळातले वाचतील, म्हणून तसं लिहिलं. सेल्वम शेजारी बसला होता. "क्या लिखा, दीदी? पढ़ो ना." मी हिंदीत वाचून दाखवलं, आणि शेवटी तोंडानेच जोडलं, "उनके पीछे उनके साथी सेल्वम हैं." कागदावर ते नव्हतं. माझा हात धरून तो रडला.

परवा वैशालीला गेले होते. शिरीषच्या खोलीत, त्याच्या टेबलाच्या वर, ती छापील वार्ता सेल्वमने काचेच्या चौकटीत लावली आहे. "दीदी, इसमें मेरा नाम किधर है? दिखाओ." मी बोट ठेवलं... 'अविवाहित' या शब्दावर. त्याने खिशातून रुमाल काढला आणि तेवढीच काच पुसली.

हा लेख छापून आला की कात्रण घेऊन मी पुन्हा जाणार आहे. आधी खरं सांगायचं, मग कात्रण द्यायचं. हा क्रम चुकवायचा नाही. चौकटीत काय ठेवायचं, ते तो ठरवेल.