करंजेलातले बूट

सैनिकाचे चारित्र्य त्याच्या बुटांत दिसते. आमच्या पलटणीत हे वाक्य वर्षातून चार वेळा तरी, चार वेगवेगळ्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकायला मिळे, आणि दर वेळी ते पाहुण्याला आत्ताच सुचलेले असे. ते खरे धरायचे तर युद्धाच्या मधल्या एका वर्षी माझे चारित्र्य भोरजवळच्या उत्रोलीत, आत्याच्या घरामागे, एका जुन्या घमेल्यात दोन दिवस करंजेलात, म्हणजे करंजाच्या तेलात, बुडालेले होते.

पलटण म्हणजे खरी पलटण नव्हे. पुण्याच्या कॉलेजांतल्या मुलांना आठवड्यातून दोनदा पहाटे कवायत करायला लावत, गणवेश देत, रायफल देत आणि कवायत संपली की परत घेत. गरज पडली तर सरकार आम्हांला बोलावणार होते. गरज इतकी पडू नये अशी सरकारचीही इच्छा असावी.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मंगळवार-शुक्रवारी पहाटे कवायत, मग वर्ग, आणि शनिवार-रविवार पुणे-भोर सर्व्हिस मोटारीवर नोकरी. युद्धामुळे पेट्रोल मिळेनासे झाले होते आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मोटारीच्या पाठीला लोखंडी भट्टी टांगलेली असे. ती पेटवायची, पंख्याचा दांडा अर्धा तास फिरवायचा, वाटेत कोळसा भरायचा आणि गॅस मंदावला की सळईने राख ढवळायची, हे माझे काम. एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हातात तर्कशास्त्राचे पुस्तक, अशी माझी परीक्षेची तयारी चाले. पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयाचे होते. परत करताना ग्रंथपालांनी प्रत्येक पानावरचे काळे अंगठे पाहिले आणि विचारले, "वाचलंत की खाणीतून काढलंत?"

त्या पुस्तकातला नियम माझ्याबाबतीत सगळे वापरत. सर्व मावळे काटक असतात; हा गुंजवणीच्या खोऱ्यातला, म्हणजे मावळा; म्हणून हा काटक. मी वेल्ह्याच्या बाजूचा, घरच्या पडवीतून राजगड दिसतो, एवढे पुण्याच्या मुलांना पुरेसे होते. राजगड मलाही दिसायचाच. त्यावर चढावे असे मला क्वचितच वाटले होते. शिक्षणासाठी मला लहानपणीच भोरला ठेवले होते आणि तिथे मी मुख्यतः बसत असे.

पहिल्या वर्षीच्या शिबिरात हे उघडकीस आले. शिबिराच्या शेवटी सोळा मैलांची चाल असे. पाठीवर पिशवी, खांद्यावर रायफल, पायांत नालांचे बूट, आणि वेळ पाच तास. नवव्या मैलावर माझ्या दोन्ही टाचा सोलून निघाल्या आणि मला स्वयंपाकाच्या बैलगाडीतून, दोन हंडे आणि बटाट्यांचे पोते यांच्यामध्ये बसवून परत आणले. पहिल्या खेपेला नापास झालेल्याला दुसरी संधी मिळे. दुसऱ्या खेपेला नाव कापत.

नाव कापले असते तर बिघडले काय असते? काहीच नाही. पहाटेची झोप वाढली असती. पण ज्याला एकदा बटाट्यांबरोबर परत आणले आहे, त्याला आपण होऊन पलटण सोडता येत नाही. सोडली तरी लोक बटाट्यांमुळेच म्हणतात. शिवाय दुसऱ्या वर्षीचे शिबीर नाताळच्या सुटीत नसरापूरला पडणार आणि चाल गुंजवणीच्या काठाने वेल्ह्याच्या रस्त्याला, आठ मैल जाऊन परत, अशी होणार असे ऑगस्टमध्येच जाहीर झाले. म्हणजे या वेळी बैलगाडी माझ्या ओळखीच्या गावांतून जाणार होती. मी ठरवले की कॉलेजही सोडायचे नाही, मोटारही सोडायची नाही आणि सोळा मैल पायांनीच संपवायचे.

सरावाला वेगळा वेळ नव्हता, म्हणून आहे त्यातूनच काढला. कात्रजच्या घाटात आमची मोटार भरल्या पोटाने चढत नसे. उतारू खाली उतरत आणि बोगद्यापर्यंत चालत. मी बूट चढवून, कोळशाचे अर्धे पोते पाठीवर घेऊन मोटारीच्या पुढे पळू लागलो. ड्रायव्हर भोरचा, पन्नाशीचा माणूस. तो खिडकीतून मान काढून म्हणे, "अरं लेका, तू म्होरं, कोळसा बी म्होरं. मोटार काय माझ्या जिवावर चढवू?"

पळणे जमू लागले. बूट जमेनात. दर रविवारी टाचांना नवे फोड. एका रविवारी भोरच्या मोटारतळावर मी बूट काढून फोड वाऱ्याला धरून बसलो होतो. शेजारी एक म्हातारा धनगर तुपाचा डबा मांडीशी घेऊन, दुकान उघडायची वाट पाहत बसला होता. वरच्या वाडीवरून तो दर रविवारी उतरे. त्याने माझ्या पायांकडे बराच वेळ पाहिले.

"काय झालं रं?"

"बूट लागले, बाबा."

"कुनाचं हायेत?"

"सरकारचे."

"मंग सरकारनं घालावं की."

मी त्याला चाल, नियम, मैल सगळे सांगितले. त्याने एक बूट उचलला, वाकवून पाहिला. तो वाकला नाही.

"कोरडंच घातलंस व्हय? नवी व्हाण आमी आठ दिस तेलात ठेवतो. तेल पिली की मंग तिला पाय दावतो."

"ही वहाण नव्हे बाबा. बूट आहेत."

"कातडंच हाय न्हवं? का सरकारची म्हस येगळी आसती?"

नव्या वहाणा तेलात घालतात हे मला ठाऊक नव्हते असेही नाही. आमच्या घरी हेच करत आणि लहानपणी माझ्या वहाणा कधी लागल्या नव्हत्या. पण बूट इंग्रजी पुस्तकासह आले होते आणि त्या पुस्तकात फक्त पॉलिश लिहिले होते. शिकलेला माणूस आपल्या बापाचे ज्ञान बुटाला लावत नाही.

म्हाताऱ्याने मला आणखी एक शिकवले. तूप विकून तो वाडीवर परत निघे तेव्हा मी त्याच्याबरोबर वर जाऊन परत येई. मोटार दुपारी सुटे, तोवर वेळ होता. मी पुढे पळे, दमून दगडावर बसे. तो एका चालीत येई, मला ओलांडून जाई आणि वर माझी वाट बघत उभा असे. तीन रविवार त्याने हे पाहिले आणि चौथ्या रविवारी म्हणाला, "तू लई पळतोस आन् लई बसतोस. दोन्ही कमी कर." यापेक्षा चांगले व्यायामशास्त्र मी पुढे कुठे वाचले नाही.

शिबिराच्या आधीच्या आठवड्यात कॉलेजला सुटी लागली आणि मी उत्रोलीला आत्याकडे बूट बुडवायला घेतले. रॉकेल मिळत नव्हते; घरोघर करंजेलाचे दिवे होते. आत्या डब्यातले तेल घमेल्यात उतरताना पाहत राहिली.

"घरातला उजेड पायात घालतोस व्हय?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे, आत्या."

"दोन दिस आमी आंधारात जेवतो. तू चाल बाबा."

दोन दिवसांनी बूट निघाले ते मऊ, गडद आणि कडू वासाचे. पायांत असे बसले की मी ते काढायलाच विसरलो. मग पॉलिश लावायला घेतले. पॉलिश बसेना. ब्रश फिरवावा तर तेल वर येई, आणि तेलावर अंगणातली धूळ येऊन बसे. मी फडके मारले, राख चोळली, चुलीतल्या कोळशाची पूड लावून पाहिली. बूट काळे झाले, पण चमकले नाहीत. ते पुन्हा कधीही चमकणार नव्हते.

रजा मागायला गेलो तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "दोन शनवार भट्टी मी बघतो. पर बटाट्यासंगं परत आलास, तर भट्टी न्हाई देनार. बटाटंच सोलाय लावीन."

शिबिराचे पहिले आठ दिवस धुळीत गेले आणि धुळीत सगळ्यांचेच बूट सारखे होते. चालीच्या दिवशी मात्र तपासणी होती. मोठा साहेब येणार होता आणि त्याच्याबरोबर भोर संस्थानातले एक वजनदार गृहस्थ, भाषणासाठी. आमचे सुभेदार साताऱ्याकडचे; पेन्शनीतून युद्धासाठी परत आलेले. सकाळी रांगेतून फिरताना ते माझ्यासमोर थांबले.

"ह्ये बूट हायेत का वांग्याचं भरीत?"

मी टाचा जुळवल्या.

"बुटात मला माझं तोंड दिसाय पायजे. काय दिसतंय?"

"काही नाही, साहेब."

"वास कसला येतोय?"

"बुटांचाच, साहेब."

नियमाने तपासणीत नापास झालेल्याला चालीला सोडत नसत, आणि चालीला न सुटलेला नापास. तेवढ्यावरच माझे नाव कापले गेले असे मी धरून चाललो. सुभेदारांनी छावणीच्या फाटकाकडे पाहिले. साहेबाची मोटार अजून दिसत नव्हती.

"ह्ये सायबाच्या डोळ्यांम्होरं आलं तर तुझ्यासंगं माझं बी नाव जाईल. सैपाकाच्या गाडीमागं जा. सायेब गेला की निघ. पर येळ सगळ्यांचा बिगुलापासनं धरनार. तुझा बी."

अशा रीतीने तपासणी आणि भाषण मी बैलगाडीमागून ऐकले. संस्थानी गृहस्थांनी मावळ्यांवर भाषण केले. या मातीतला प्रत्येक दगड शौर्याची साक्ष देतो, आणि आजही या खोऱ्याचा पुत्र शत्रूसमोर छाती काढून उभा राहील, असे ते म्हणाले. सगळ्या कंपनीत या खोऱ्याचा पुत्र एकच होता आणि तो हंड्यांच्या आड उकिडवा बसला होता.

बिगुल झाला. कंपनी निघाली. मला वाटले पाहुणेही निघतील. त्यांनी चहा घेतला. मग दुसऱ्यांदा घेतला. त्यांची मोटार धुरळा उडवत गेली तेव्हा मी पंचवीस मिनिटे मागे होतो.

पळावेसे वाटले. पळालो नाही. धनगराची चाल धरली. पाऊल आखूड, नजर दहा हात पुढे, थांबायचे नाही. भात कापून झाले होते, खळ्यांवर झोडणी चालू होती. एका खळ्यावरून एका म्हातारीने हाक दिली.

"कुठं निघालायसा येवढ्या घाईनं? कुनी गेलं का?"

"नाही आजी. आठ मैल जाऊन परत यायचंय."

"मंग जाताच कशाला?"

चौथ्या मैलापासून कंपनी सापडू लागली, एकेक करून, रस्त्याच्या कडेला. माझा वर्गमित्र, ज्याचे बूट सकाळी सर्वांत चमकत होते, मैलाच्या दगडावर बसून ते पायांतून उपटत होता.

"तुला काहीच होत नाही?" त्याने विचारले.

"वास येतो," मी म्हणालो आणि पुढे गेलो.

हे वाक्य ऐटीचे होते आणि परतीच्या वाटेवर मला ते महागात पडले असे वाटू लागले. पाय ठीक होते. बाकी काहीच ठीक नव्हते. रायफलीने खांदा सोलला होता, बरगडीखाली कळ येत होती आणि बाराव्या मैलाला बाटली रिकामी झाली. तेव्हाच मागून स्वयंपाकाची गाडी आली. पडलेल्यांना उचलत ती आमच्यामागे फिरत होती. आत सहा जण होते. गाडीवान गेल्या वर्षीचाच. त्याने मला ओळखले आणि बैल हळू केले.

"या की. जागा हाय. गेल्या साली बसला व्हतासा तितंच."

त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, खरी आपुलकी होती, आणि त्यामुळे नाही म्हणणे जास्त कठीण गेले. मी मान हलवली. बोललो असतो तर श्वास गेला असता. गाडी काही वेळ माझ्याबरोबर चालली. बटाट्यांचा वास मला पाठ होता. मग बैलांना कंटाळा आला आणि गाडी पुढे गेली. शेवटचे चार मैल मी तिच्या चाकांच्या खुणांवरून चाललो, दुसरे काहीही पाहिले नाही.

छावणीच्या फाटकात सुभेदार घड्याळ घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, घड्याळाकडे पाहिले.

"चार मिन्टं ऱ्हायली व्हती," ते म्हणाले. "बूट काढ."

मी काढले. टाचा जशा सकाळी गेल्या होत्या तशा परत आल्या होत्या. सुभेदारांनी एक बूट उचलून नाकाशी धरला.

"करंज?"

"व्हय." इंग्रजी, पुणेरी काहीच तोंडात उरले नव्हते.

"आमचा बा बी ह्येच वापरायचा," ते म्हणाले, आणि बूट खाली ठेवून पुढच्या मुलाकडे वळले.

नाताळची सुटी संपून कॉलेज उघडले तेव्हा फलकावर यादी लागली. तिच्यात माझे नाव कायम होते. त्याच आठवड्यात, नाव कायम राहिलेल्या सर्वांचे जुने बूट जमा करून घेतले आणि नवे दिले.