ठमाबाई आणि बांध उकरणारे कोल्हे

धरमतर खाडीकाठच्या त्या गावात पहाटे आधी कोंबडा आरवतो की ठमाबाई, यावर लोक पैज लावत. बाई फाटक्या तोंडाची, पण तिच्या रागाला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे बांध. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून गावाने पूर्वापार बांध घातलेला. प्रत्येक घराच्या वाट्याला त्याचा एकेक तुकडा, ज्याचा त्याने राखायचा. एकदा का खारं पाणी शेतात बसलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढू नये.

नवरा गेल्यापासून ठमाबाई आपला तुकडा एकटीच राखत होती. गावोगाव व्हिडिओ नुकताच येऊ लागला होता, त्या वर्षी दर उधाणाला तिच्या बांधातून पाणी झिरपू लागलं. सकाळी बघावं तर चिखल उकरलेला आणि त्यावर कोल्ह्यांच्या पंजांचे ठसे. "मुडदा बशिवला यांचा," ती करवादायची. "मी थापायचं नि यांनी उकरायचं?" त्यात एका कोल्ह्याने तिची कोंबडीही मारली. मग गावकी बसली आणि ठरलं, कोल्ह्यांना विष घालायचं. शेजारच्या कान्हूने काम अंगावर घेतलं. आमिषाला ती अर्धवट खाल्लेली कोंबडी ठमाबाईने स्वतःच्या हाताने त्याला दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेत पेणच्या कुठल्याशा संस्थेची माणसं टीव्ही नि व्हिडिओ घेऊन आली. पोरांबरोबर बायांनाही बोलावलं होतं. पडद्यावर रंगवलेलं घुबड माणसासारखं बोलत होतं, उंदीर नाचत होते. ठमाबाईला त्याचाही राग आला. "घोड्यासारख्या बाया आपन, आनि बाहुल्या बघत बसायच्या?" ती शेजारच्या बायजाला म्हणाली.

पुढे चित्रातल्या गावाने घुबडं अपशकुनी म्हणून मारली. मग उंदीर माजले आणि धान्याच्या कणग्याच्या कणग्या रिकाम्या झाल्या. पोरं खिदळत होती. ठमाबाई मात्र पुढे सरकून बघू लागली होती.

"गुरुजी," ती मध्येच उठून म्हणाली, "कोल्हा काय खातो?"

"मिळेल ते," दिनानाथ गुरुजी म्हणाले. "उंदीर खातो, घुशी खातो. इथं खाडीवर तर खेकडेच जास्त."

खेकडा बांध पोखरतो हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याची बिळं बुजवण्यातच ठमाबाईचा जन्म गेला होता. आता तिला कळलं, की बांध आधीच पोखरलेला असायचा आणि कोल्हे त्यातले खेकडे काढून खायचे. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नाही. ते सांगायला चित्रातलं घुबड यावं लागलं, याची तिला भयंकर चीड आली.

ती तडक बांधावर गेली. कान्हूने ठेवलेले मांसाचे तुकडे हुडकून हुडकून टोपलीत भरले. वाटेत त्याला, गावकीला, साऱ्यांच्या बापजाद्यांना शिव्या देणं चालूच होतं. खाडीतल्या तिवरांच्या झुडपांकडेला मात्र ती थांबली. तिथे कोल्हीण मरून पडली होती. तिची आचळं दुधाने भरलेली होती.

संध्याकाळी पुरुष देवळापुढे बसले होते. ठमाबाईने कोल्हीण आणून त्यांच्या मधोमध ठेवली आणि खेकड्यांची सगळी गोष्ट सांगितली.

"ही रोज रातीला बांध राखत व्हती, फुकट," ती म्हणाली. "आता हिच्या वाटचा कोन राखनार? तू राखशील, कान्हू?"

कान्हू खाली बघून म्हणाला, "आमच्यावर कशाला वरडतेस गो? कोंबडी तुझीच व्हती."

 ठमाबाईने त्या भरल्या आचळांकडे पाहिलं.

"व्हय, माझीच व्हती," ती म्हणाली. "मंग मला शिव्या घाला. मी घालते ना तुमाला? कोनीतरी घाला."

कोणी घातल्या नाहीत.