स्लॅबचा हप्ता, कौलांचा हप्ता

माझ्या धाकट्या दिराला आयुष्यात दोनच गोष्टी जमल्या, बढाया मारणं आणि स्लॅब घालणं. देवबागेत खाडी आणि समुद्राच्या मधल्या वाळूवर त्याने दोन मजले चढवले, वरच्या-खालच्या खोल्या पर्यटकांना देऊ लागला आणि आचऱ्यातल्या माझ्या कौलारू घराला नाकं मुरडू लागला.

घराच्या विम्याचा एजंट त्यानेच माझ्याकडे आणला. एजंटाने गुळगुळीत मराठीत समजावलं, स्लॅबच्या घराला हप्ता कमी, कौलं आणि लाकडी वाशांना जास्त, आणि खोल्या भाड्याने दिल्या तर तो धंदा, त्याचा दर सगळ्यात चढा.

"वैनी, तुझ्या ह्या खुराड्याक माझ्यापेक्षा जास्त हप्तो!" दीर खिदळला.

त्याचा हप्ता कमी, कारण खोल्यांबद्दल तो बोललाच नव्हता. एजंट गेल्यावर मी टोकलं, तर म्हणतो, "मी थंय रवतंय मा? मगे घरच ता." अतिशहाणा मेला! मी माझा हप्ता भरला, चडफडत भरला.

पुढे वादळात माझी अर्धी कौलं उडाली. भरपाई मिळाली, घर शाकारून झालं. दिराच्या तळमजल्यात मात्र समुद्र शिरला आणि भिंत खचली. कंपनीचा तपासनीस आला तेव्हा मी जावेबरोबर चिखल उपसायला तिथेच होते. बिचारीने खोल्यांचा बोर्ड आधीच माडीवर लपवला होता. पण दारात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दिराने त्याला सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, खोबरं घातलेली किसमूर वाढली. त्याने तोंडभर कौतुक केलं, आणि आमचं ध्यान फुललं.

"फॅमिली घेवन येवा, सायब. समुद्राकडची रूम देतंय. दर कमी करतंय."

तपासनीसाने हसत विचारलं, एकूण खोल्या किती, हंगाम कसा जातो. गाढवाने सगळं सांगितलं. जावेने कपाळावर हात मारून घेतला.

दावा फेटाळला गेला. आता ते कुटुंब माझ्याकडे राहतं. जावेसाठी माझा जीव तुटतो, त्याच्यासाठी नाही. काल ओटीवर पान चघळत तो म्हणाला, "वैनी, हय दोन रूम काढूया. विमेवाल्याक सांगूची काय गरज आसा?"

आत जाऊ भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला, आणि ती रडायला लागली.