केळीच्या खांबांचा गोल

रावेरहून निघायला उशीरच झाला, कारण डिटरभाऊंना चहा दोनदा लागतो. माझ्या भाच्याची, प्रल्हादची, पिकअप गाडी. पुढे प्रल्हाद, मधे मी, खिडकीशी डिटरभाऊ. आणि मागे दोरीने आवळलेले केळीचे चार खांब, पानांसकट. जायचं होतं पिंपळनेरला, किसनकडे.

आता हे डिटरभाऊ कोण, ते आधी सांगते. हे जर्मनीचे. तरुणपणी गावच्या क्लबकडून फुटबॉल खेळायचे, डावीकडून बचाव सांभाळायचे. सगळ्यात वरच्या लीगमध्ये एकच हंगाम मिळाला आणि गुडघा गेला. त्यांचे मेहुणे ठिबक सिंचनाच्या नळ्यांच्या कामाने आमच्या भागात येत. त्यांच्या सोबत एका हिवाळ्यात हे आले, आमच्या वरच्या खोलीत उतरले, ते दोन वर्षं राहिले, मराठीही तेव्हाच शिकले.

रिकामं बसवेना म्हणून गावातल्या पोरांना खेळ शिकवायला लागले. पण गोलचे खांब कुठून आणायचे? आमचे हे म्हणाले, घड उतरवलेल्या केळी तशाही तोडायच्याच आहेत, त्याच रोवा. रोवल्या. पण केळीचा खांब म्हणजे नुसतं पाणी हो, चेंडू जोरात लागला की आडवा! मग डिटरभाऊंनी नियम केला, ज्याने पाडला त्याने उभा करायचा. खड्डा परत उकरा, माती दाबा. पोरं त्या कामाला इतकी कंटाळली, की चेंडू खांबाला न लावता नेमका आतून काढायला शिकली. गाव बघायला जमायचं.

त्यात सगळ्यात हुशार किसन, आमच्या सालदाराचा (वर्षाच्या बोलीने कामाला असलेल्या गड्याचा) मुलगा. निघताना डिटरभाऊ त्याला म्हणाले, "मी तुला तिकडे खेळायला बोलावीन." किसनने पासपोर्ट काढला, वाट बघितली. बोलावणं आलं नाही. पुढे तो पिंपळनेरला शाळेत खेळाचा मास्तर झाला. आता त्याचेही केस पांढरे व्हायला लागलेत, पण डिटरभाऊंचं नाव त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

आणि या थंडीत म्हातारे डिटरभाऊ आले, ते किसनला भेटायलाच. मी किसनला फोन करून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "अक्का, येताना चार खांब आणा." मला केवढं बरं वाटलं! आमच्याकडे केळीच्या खांबांशिवाय पाहुण्याची कमान होत नाही. म्हटलं, राग गेला.

"मावशी," प्रल्हाद म्हणाला, "हार घालतो का खांबच डोक्यात घालतो, ते तिथं गेल्यावर कळंल."

सावदा, फैजपूर, भुसावळ गेलं. दोन्ही बाजूंना केळीच केळी, घडांनी भरलेले ट्रॅक्टर. जळगावला भरीत खाल्लं. कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडदाची), वर कांद्याची पात. डिटरभाऊंच्या डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, "मिरची लागली?"

"मिरची नाही, अक्का. तुमचे ते आठवले. ते माझ्या ताटात जास्त वाढायचे."

मग मी त्यांच्या ताटात आणखी भरीत वाढलं.

एरंडोलच्या पुढे ते आपणहून बोलायला लागले. घरी परतल्यावर लहान लहान क्लबांचे प्रशिक्षक झाले. एक संघ खाली घसरला, दुसऱ्याने हंगामाच्या मधेच काढून टाकलं. "किसनला काय सांगणार? ये, आणि माझ्यासोबत घरी बस? आज लिहू, उद्या लिहू, म्हणालो. मग लाज वाटली. मग म्हातारा झालो."

"हे त्याला सांगा, मला नको," मी म्हटलं.

पारोळ्याकडे केळी संपून कापूस सुरू झाला होता.

धुळ्याच्या अलीकडे ढाब्यावर शेवभाजीला थांबलो. ढाबेवाल्या नानांनी खांब बघितले.

"लगन शे का?" (लग्न आहे का?)

प्रल्हाद कसला गप्प बसतो! "हो ना नाना, वऱ्हाड पिंपळनेरला चाललंय."

"मंग नवरदेव कोन? हाऊ गोरा?" (हा गोरा?)

डिटरभाऊ हात जोडून म्हणाले, "नवरी हो म्हणाली नाही अजून."

सगळा ढाबा हसला. मला मात्र हसता हसता मनात आलं, नाहीच म्हणाला किसन, तर?

साक्री सोडली तशी सह्याद्रीची टेकाडं जवळ आली, हवा गार झाली. शाळेच्या फाटकाशी कमान नव्हती. किसनही नव्हता. तो मैदानावर, हातात पहार, आणि पंधरा-वीस मुली खेळाच्या कपड्यांत. मैदानाला चांगले लोखंडी गोल होते. त्याने माझ्या पायांना हात लावला, डिटरभाऊंकडे बघितलंही नाही. खांब उतरवले, पानं छाटली, खड्ड्यांत रोवले. इकडे दोन, तिकडे दोन. कमान कुठली, तो गोल बनवत होता!

मग त्याने चेंडू आणून डिटरभाऊंच्या पायाशी ठेवला.

"मारा, सर."

"किसन, माझा गुडघा..."

"मारा."

डिटरभाऊंनी काठी माझ्याकडे दिली. डावा पाय मागे नेला आणि मारला. चेंडू गेला गडगडत, पण बऱ्यापैकी वेगात, आणि आपटला थेट खांबावर. खांब डुलला आणि आडवा झाला.

मुली एका सुरात ओरडल्या, "ज्याने पाडला, त्याने उभा करायचा!"

डिटरभाऊ त्यांच्या तोंडांकडे बघतच राहिले. आपला नियम इतक्या लांब, या पोरींच्या तोंडी! मग चालत गेले आणि त्या गुडघ्यावर, कण्हत, खाली बसून हातांनी खड्डा उकरायला लागले. एक मुलगी मदतीला धावली तर किसनने तिला थांबवलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण खांब काही एकट्याला उभा धरवेना. एका हाताने धरला की मातीला हात नाही. तेव्हा किसन गेला आणि त्याने खांब धरला.

"का नाही बोलावलं, सर?"

डिटरभाऊ माती दाबता दाबता सांगत होते. क्लबचं, काढून टाकल्याचं, लाजेचं. किसन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तेवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. मी वाट बघणं तरी थांबवलं असतं."

"हो," डिटरभाऊ म्हणाले. "चूक."

"इकडून दाबा, सर. वाकडा राहिलाय."

वाकडाच राहिला. किसनने तो सरळ केला नाही. संध्याकाळपर्यंत त्या वाकड्या गोलात मुली चेंडू मारत होत्या आणि डिटरभाऊ काठी उंचावून ओरडत होते, "जोर नको, बघून!" अगदी आमच्या गावच्या मैदानावर ओरडायचे तसेच. निघताना किसनने त्यांना हात धरून गाडीत बसवलं आणि म्हणाला, "हे खांब आठ-दहा दिवसांत कुजतील, सर. नवे लागतील."

परतीच्या वाटेवर मी मनाशी म्हणत होते, मी कमानीचं स्वप्न बघत आले होते, पण ती झाली नाही, ते बरंच झालं. कमानीखालून माणूस एकदा आत जातो, आणि मग ती सुकून पडते.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन वरच्या खोलीत गेले तर डिटरभाऊ नाहीत. मागच्या शेतात सापडले. मातीने भरलेली कालचीच पँट, आणि एकेका केळीवर थाप मारून बघत होते.

"अक्का," म्हणाले, "यातली जास्त दिवस टिकणारी कोणती?"